परक्या पंतप्रधानांच्या आईचं नाव

ती बातमी गावात सगळ्यात आधी हॅलोताईला कळली, आणि नेमकी तिलाच ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारचे अडीच म्हणजे सगळ्या गावाचे डोळे जड झालेले असायचे. बोर्डावर एखादाच दिवा पेटे, तोही आळोखेपिळोखे दिल्यासारखा. आठ ऑपरेटरांपैकी तिघी विणत बसायच्या, दोघी उघड्या डोळ्यांनी झोपायच्या. हॅलोताई अगदी टोकाला, बाहेरगावच्या ट्रंक लायनींपाशी. एकोणीस वर्षं तीच खुर्ची. खरं नाव फक्त तिचे बाबा घेत, बाकी सगळ्या गावाला ती हॅलोताई. तिलाही त्याची इतकी सवय झाली होती की घराचं दार कुणी वाजवलं तरी ती आतून 'हॅलो' म्हणायची.

त्या दुपारी परदेशातून वर्तमानपत्राच्या कचेरीला ट्रंक कॉल आला. तिनं कॉर्ड जोडली, आणि आवाज नीट जातोय ना हे बघायला नियमाप्रमाणे क्षणभर कान लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "म्हातारे गेले. आज सकाळी, झोपेतच." मग त्यानं नाव सांगितलं.

हॅलोताईनं बटण बंद केलं. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. नोकरीला लागताना शपथ घेतलेली असते, कानावर पडलेलं कानातच ठेवायचं. चारला पाळी संपली तेव्हा ती बातमी पोटात घेऊन ती घरी निघाली.

रस्ता रोजचाच होता, पण पाण्याखालून दिसावा तसा दिसत होता. चांभार खिळे ओठांत धरून टाच ठोकत होता. बेकरीवाला पाट्या झटकत होता. शिंपीमामा गळ्यात टेप अडकवून दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी लांबूनच हात केला. तिनंही केला. मामांच्या दृष्टीनं ते म्हातारे अजून जिवंत आहेत, तिच्या मनात आलं, आणि संध्याकाळपर्यंत राहतील. मामा पुन्हा कात्रीकडे वळले तेव्हा तिला वाटलं, आपण कुणाची तरी भरलेली ओंजळ सांभाळत चाललोय, आणि धक्का लागता कामा नये.

बाबा खिडकीशी बसून एका जुन्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते. धंदा बुकबाइंडिंगचा. पण गावातल्या ज्यू लोकांना ते माहीत होते ते त्यांच्या गळ्यामुळे. पन्नासेक घरांची वस्ती, धर्मगुरू म्हणून वेगळा रब्बी ठेवण्याइतकी मोठी नव्हे, तेव्हा प्रार्थना म्हणायची ती बाबांनीच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

"कोण गेलं?"

"बाबा, मला सांगता येत नाही."

"आपल्यातलं?"

तिनं विचार केला. "हो म्हटलं तर हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हात धुतले, खुर्ची रेडिओजवळ ओढली आणि सहाच्या बातम्यांची वाट बघत बसले. ती त्यांच्या पायाशी बसली, लहानपणी बसायची तशी. सहा वाजता रेडिओनं सांगितलं.

ते कोण होते हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. छत्तीस वर्षांपूर्वी ही माणसं, नाहीतर त्यांचे आईबाप, एका जहाजावर होते. ज्या देशातून निघाले तिथे परत जाणं म्हणजे मरण, आणि पुढे एकही बंदर त्यांना उतरू देईना. एकामागून एक तीन देशांनी हाकललं. चौथ्या देशाच्या बंदराबाहेर जहाज अकरा दिवस नांगर टाकून उभं राहिलं. पाणी संपत आलं होतं. तेव्हा त्या देशाचा बंदरखात्याचा मंत्री, वय अवघं एकतीस, स्वतः धक्क्यावर आला आणि म्हणाला, माणसं उतरवा, कागदांचं मी बघतो. कागदांचं त्यानं कसं बघितलं कोण जाणे, पण पुढे त्याची खुर्ची गेली. दहा वर्षांनी तो परत आला, तो पंतप्रधान होऊन. तोवर जहाजावरच्यांपैकी बरेच जण या गावात येऊन स्थायिक झाले होते. त्याचा फोटो घराघरात होता. कुणी कपाटाच्या दाराला आतून लावला होता, कुणी आजीआजोबांच्या फोटोशेजारी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांची लाडकी. मंत्र्यानं म्हणे जहाजाच्या शिडीवरून एक तान्हं बाळ स्वतःच्या हातांनी उचलून खाली आणलं. ते बाळ आपणच, असं वस्तीतले अकरा जण छातीठोकपणे सांगत. त्यात एक जुळ्यांची जोडी होती, आणि एक गृहस्थ असे की जहाज लागलं तेव्हा त्यांना मिसरूड फुटलं होतं. हॅलोताईचा जन्म तर जहाजावरचाच, नांगर टाकल्यावर नवव्या दिवशीचा. हक्क सांगायचा तर तिचाच सगळ्यात पक्का. पण ती कधी त्या भानगडीत पडली नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या दुकानात बैठक झाली. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. वस्तीचे प्रमुखही तेच, कारण वेळेवर येणारा माणूस वस्तीत तो एकच. भिंतीवर चाळीस घड्याळं टिकटिकत होती आणि त्यांच्याखाली सातआठ माणसं स्टुलांवर दाटीवाटीनं बसली होती. घड्याळजींनी सांगितलं, परवा सकाळी अकराला तिकडे सरकारी अंत्यविधी आहे. त्याच वेळी आपण प्रार्थनाघरात शोकसभा घेऊ. दुकानं बंद, दारावर काळं कापड, आणि दोन्ही दारं सताड उघडी. गावाला कळू दे.

गावाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण या लोकांनी आजवर प्रार्थना दार लोटून म्हटली होती, लग्नं दार लोटून लावली होती आणि गेलेली माणसं मागच्या गल्लीनं पोचवली होती. कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, हे जहाजावरून उतरतानाच जणू सामानाबरोबर खाली आणलेलं.

बाबा म्हणाले, घरातल्या घरात रडू. रडायला रस्ता कशाला पाहिजे? गावातले विचारतील, हा तुमचा कोण? आपल्या धर्माचा नाही, देशाचा नाही. मग काय सांगणार?

तेव्हा शाळेच्या बाई बोलल्या. या वस्तीतल्या मुलांना शिकवत, आणि कधी आवाज चढवत नसत. "त्यांनी आपल्याला उतरवलं ते भर दुपारी, सगळ्या बंदरासमोर. तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं नव्हतं."

शेवटी बाबा म्हणाले, ठीक आहे, उघडा दारं, मी म्हणतो प्रार्थना. पण एक अट. गेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणतात तिच्यात त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि नावापुढे, अमक्याचा मुलगा. यांच्या आईबापांचं नाव काय?

कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात पानभर मजकूर आला होता. पदं, करार, पदकं, दोन वेळा पंतप्रधान. आईबापांबद्दल अवाक्षर नव्हतं.

शिंपीमामा म्हणाले, "आदमचा मुलगा म्हणा की. आपण सगळेच त्याचे."

"त्याचे तर चोरही," बाबा म्हणाले. "नाव आणा. नाहीतर मी नुसता उभा राहीन."

एवढ्या मायाळू माणसाला आज हा हट्ट कुठून आठवला, असं सगळ्यांना वाटलं. घरी परतल्यावर हॅलोताईनं तेच विचारलं. बाबा पुस्तकांचा ढीग इकडचा तिकडे करत राहिले. मग त्यांनी सांगितलं, आणि ते छत्तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

धक्क्यावर कारकून टेबल मांडून बसले होते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात आकड्याचा पत्रा अडकवायचा आणि आकडा वहीत मांडायचा, एवढंच त्यांचं काम. मंत्री आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि मग एका कारकुनाला उठवून स्वतः त्याच्या जागी बसले. प्रत्येकाला विचारायला लागले, तुमचं नाव? आणि आईचं? ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारत. कसं लिहायचं तेही विचारत. चारशे सतरा माणसं. ऊन उतरलं, दिवे लागले, तरी त्यांचं चालूच.

"माझ्या आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते," बाबा म्हणाले. "तिकडे तिचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायला लागतात ती दहा माणसंही मिळाली नव्हती. त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं ते अक्षर अक्षर लिहिलं आणि वाचून दाखवलं. परक्या माणसाच्या तोंडून मी माझ्या आईचं नाव ऐकलं. मलाही तेव्हा विचारता आलं असतं, तुमच्या आईचं काय? मी विचारलं नाही. रांग मोठी होती."

एवढं बोलून ते चटईवर आडवे झाले आणि तोंडावर पंचा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलोताई वाचनालयात जाऊन आली. जाडजूड ग्रंथात त्यांच्यावर अर्धं पान होतं, जन्मगाव होतं, आईबाप नव्हते. घड्याळजींच्या दुकानातून त्या देशाच्या वकिलातीला फोन लावला; कुणी उचलला नाही, दुखवट्याची सुट्टी होती. मग मात्र पाळीवर आल्यावर तिनं खुर्ची मागे सारली आणि मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाई म्हणजे एक्स्चेंजच्या मुख्य. चष्मा नाकाच्या टोकावर आणि नियमांची वही तोंडपाठ. त्या या वस्तीतल्या नव्हत्या. हॅलोताईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांच्या घरी फोन लावायचाय म्हणाली. पंतप्रधानांच्या घरी, कुठलंही सरकारी काम नसताना.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "एकोणीस वर्षांत तू एकदाही स्वतःसाठी कॉल लावला नाहीस," त्या म्हणाल्या. "वहीत लाईन-तपासणी म्हणून लिही. आणि नीट तपास."

त्या देशापर्यंत थेट तार नव्हती. वाटेत दोन शहरं होती, दोन देशांतली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिच्यासारखीच बसलेली. पहिल्या शहरातल्या बाईचा आवाज जाड आणि झोपाळू, दुसऱ्या शहरातलीचा चिमणीसारखा. दोघींशी ती वर्षानुवर्षं बोलत आली होती, तोंड कुणाचंच पाहिलेलं नाही. आज सगळ्या तारा शोकसंदेशांनी भरल्या होत्या. तासभर झाला, दोन तास झाले. शेवटी चिमणी म्हणाली, थांब ताई, एक बारीक फट सापडलीये. मग खूप लांब, विहिरीच्या तळाशी वाजावी तशी घंटी ऐकू आली.

बराच वेळ वाजली. मग एका म्हातारीनं उचललं. तिचा आवाज चिडका होता.

हॅलोताईला ती भाषा येत होती. त्या देशात ती तीन वर्षांची होईपर्यंत वाढली होती, पुढे बाबांकडून शिकली होती आणि उरलेली तारांवरून ऐकून. पण बोलायला गेली तेव्हा तोंडात आले ते ठेवणीतले ऑपरेटरचे शब्द. तिनं म्हटलं, आपल्यासाठी परदेशातून कॉल आहे. म्हातारी म्हणाली, घरी कुणी नाही, सगळे उद्याच्या तयारीला गेलेत. मंत्री हवा असेल तर मंत्रालयात करा. मी, जो गेला त्याची थोरली बहीण. गुडघे गेलेत, मला कुठे नेत नाहीत.

मग हॅलोताईनं सांगितलं. जहाजाचं, वस्तीचं, बाबांच्या अटीचं. तिकडून इतका वेळ काही आलं नाही की लाईन तुटली असं वाटून तिनं दोनदा हॅलो म्हटलं.

म्हातारी म्हणाली, बापाचं नाव विचारू नकोस. हा पोटात असताना तो माणूस घरातून गेला. यानं जन्मभर ते नाव तोंडाला लागू दिलं नाही. आईचं सांगते. ती लोकांचे कपडे धुवायची. आम्ही दोघं तिच्या गाठोड्यांवर झोपलेलो आहोत. उद्या मोठ्या चर्चमध्ये दोन तास भाषणं होतील. कार्यक्रमाचा छापील कागद इथं माझ्या मांडीवर आहे, त्यात त्याची एकवीस पदं आहेत, आणि तिचं नाव एकदाही नाही. मी सांगितलं होतं घाला म्हणून. ते म्हणाले, जागा नाही.

मग तिनं नाव सांगितलं. हॅलोताईनं कॉल नोंदवायच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि कसं लिहायचं ते विचारलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं.

"हं," म्हातारी म्हणाली. "तसंच. बरोबर घेतलंस."

ठेवता ठेवता हॅलोताईला राहवलं नाही. तिनं शिडीवरच्या बाळाचं विचारलं. म्हातारी पहिल्यांदाच हसली, अगदी खोकला येईपर्यंत. तो आणि बाळ? म्हणाली, त्याला बाळांची भीती वाटायची. माझ्या लेकाला त्यानं हात लावला तो थेट शाळेत घालायच्या वयात. त्या दिवशी घरी आला तेव्हा बोटं शाईनं काळी झालेली, आणि जेवताना पेन धरल्यासारखी आखडलेली. दुसरं काही उचललं नव्हतं त्यानं. हॅलोताईनं मनात ठरवून टाकलं, हे त्या अकरा जणांना सांगायचं नाही.

मग म्हातारी हळूच म्हणाली, "मला ऐकू येईल का गं? तुझे बाबा म्हणतील ते?"

हॅलोताईनं बोर्डाकडे पाहिलं. दुपार होती. खिडकीतल्या उन्हात कॉर्डींवर बारीक धूळ तरंगत होती. ती म्हणाली, येईल. कसं, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी जाऊन तिनं बाबांना नाव दिलं. आईचं चालेल ना, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, आजारी माणसासाठी आपण आईचंच नाव घेतो. देवाला ते ऐकायची सवय आहे. नाव तोंडात बसणारं नव्हतं, मधेच एक घशातला आवाज होता. संध्याकाळभर ते पुस्तकं शिवता शिवता पुटपुटत राहिले. त्यांची बहीण ऐकणार आहे, असंही तिनं सांगितलं. दोरा ओढता ओढता बाबांचा हात थांबला. मग त्यांनी सुई पुन्हा कागदात घातली.

प्रार्थनाघरात टेलिफोन नव्हता. होता तो शेजारी घड्याळजींच्या दुकानात. एक्स्चेंजचा लाइनमन सकाळी आठलाच शिडी घेऊन हजर झाला. मोठ्या बाईंनी त्याला लाईन-तपासणीचंच कारण सांगितलं होतं, आणि कारण न पटताही त्यानं काम चोख केलं. दुकानातून तार काढली, खिडकीच्या गजातून भिंतीवर, तिथून प्रार्थनाघराच्या उघड्या दारातून आत. पण तार प्रार्थना म्हणायच्या ओट्यापर्यंत पोचेना, पाच पावलं कमी पडली. तेव्हा ठरलं की घड्याळजींनी तारेच्या टोकाशी उभं राहून रिसीव्हर हातात उंच धरायचा.

साडेदहाला दुकानांच्या फळ्या लागल्या. दोन्ही दारांवर काळं कापड होतं. आत पुढच्या खुर्चीवर कुणी बसायचं नव्हतं, तिच्यावर फोटो ठेवला होता. शिंपीमामा कात्री घेऊन दारात उभे राहिले. आपलं माणूस गेलं की कपड्याला चीर द्यायची, तशी ते प्रत्येकाच्या कोटाच्या कडेला बोटभर चीर देत होते. जन्मभर शिवण्यात गेलेला माणूस, प्रत्येक चिरेला "माफ कर बाबा" असं कपड्याला म्हणत होता. बेकरीवाला पाहायला आला होता. वस्तीतला नव्हे, गावातला. त्यानं विचारलं, कोण गेलं? मामांनी जहाजाचं थोडक्यात सांगितलं. त्यानं जरा वेळ ऐकलं, आणि आपल्या पिठानं पांढऱ्या कोटाची कड पुढे केली. त्याच्यामागून चांभार आला. मग पोस्टमन. अकरा वाजता आत जागा उरली नव्हती, आणि रस्ता भरला होता.

हे काही हॅलोताईनं पाहिलं नाही. तिला नंतर सांगितलं सगळ्यांनी, ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं. ती होती बोर्डावर, कारण दोन टोकं जोडायला कुणीतरी मधे लागतंच. अकराला पाच कमी असताना तिनं हेडफोन सारखा केला. जाड आवाजाची आली. चिमणी आली. आणि तिच्यापलीकडे म्हातारीचा श्वास.

मग घड्याळजी म्हणाले, "अकरा," आणि त्यांनी रिसीव्हर उंच धरला असावा, कारण एकदम खोली ऐकू यायला लागली. पावलं, खाकरणं, बाकांची करकर. त्यातून बाबांचा आवाज उठला.

तिनं तो आवाज जन्मापासून ऐकला होता, पण तारेतून कधीच नाही. तो लांबचा वाटत होता, लहानपणी झोपेत शिरायचा तसा, शेजारच्या खोलीतून. नेहमीसारखाच दबका. भिंतीपलीकडे जाऊ नये एवढा.

म्हातारी म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

हॅलोताईनं आवाजाची कळ पूर्ण फिरवली. खरखर तेवढी वाढली.

"नाही येत गं."

मग तिनं एकोणीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. आपली कळ उघडली आणि चालू कॉलमध्ये बोलली. "घड्याळकाका. त्यांना सांगा, ऐकू येत नाहीये."

घड्याळजींच्या डोक्यावर, हातातल्या रिसीव्हरमधून, मुंगीएवढा आवाज आला. आजूबाजूच्या चारपाच जणांनी तो ऐकला. प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नसतं. घड्याळजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्यांच्याकडे. घड्याळजी रिसीव्हर धरलेला हात पुढे करून, तार जाईल तितकी ताणून, टाचा उंचावून उभे राहिले.

बाबा थांबले. सगळ्यांना वाटलं, विसरले. रस्त्यावरही शांत झालं. मग त्यांनी श्वास घेतला, तो हॅलोताईलाही ऐकू आला, आणि आवाज सोडला.

त्या गळ्यात एवढा आवाज आहे हे वस्तीला माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नव्हतं. तो दारातून बाहेर गेला, रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यांवरून पलीकडच्या भिंतींना लागला, वरच्या खिडक्या उघडायला लागल्या. बोर्डावर हॅलोताईच्या हाताखालची कॉर्ड थरथरल्यासारखी झाली. त्यांनी नाव घेतलं, आणि मग, अमकीचा मुलगा. घशातला तो अवघड आवाज बरोबर लागला. कपडे धुणाऱ्या एका बाईचं नाव तीन सरहद्दी ओलांडून तिच्या लेकीच्या कानात गेलं.

म्हातारी रडत नव्हती. ती ते नाव त्यांच्यामागून म्हणत होती, अगदी हळू. चिमणी रडत होती, आणि ते लपवायला तिनं आपली कळ बंद केली नव्हती.

संपल्यावर बराच वेळ कुणी कॉर्ड काढली नाही. मग जाड आवाजाची म्हणाली, "ताई, माझ्याकडे सतरा कॉल तुंबलेत. पण तू म्हणशील तेव्हा."

म्हातारी म्हणाली, ठेव बाळ. त्यांना काम आहे.

पाळी संपवून हॅलोताई बाबांना घ्यायला गेली. प्रार्थनाघराची दारं अजून उघडीच होती, ती लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पायऱ्यांवर लोक बसले होते, वस्तीतले आणि गावातले, चिरलेल्या कोटांनी, कुठल्यातरी लांबच्या लग्नाला आल्यासारखे. घड्याळजी आखडलेला खांदा चोळत होते. त्या अकरांपैकी चौघे पोस्टमनला बाळाची गोष्ट एकदमच सांगत होते, आणि पोस्टमन चौघांवरही विश्वास ठेवत होता.

बाबा फोटोच्या खुर्चीशेजारी बसले होते. त्यांच्या घशातून शब्द फुटत नव्हता. तो पुढे आठवडाभर फुटला नाही. त्यांनी भुवया उंचावून विचारलं.

"ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "सगळं ऐकलं."

बाबांनी मान हलवली आणि उठण्यासाठी तिचा हात धरला. बाहेर आल्यावर मागच्या गल्लीकडे वळायचं सोडून ते मोठ्या रस्त्याला लागले, अगदी मधोमध, हळूहळू. ऊन कलतं होतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या असल्यामुळे रस्ता मोठा, ओळखू न येण्यासारखा दिसत होता. एका खिडकीतून एक बाई त्यांच्याकडे बघत होती. बाबांनी तिला मान लववून नमस्कार केला. तिनंही केला. मग ते पुढच्या खिडकीकडे बघायला लागले, आणि हॅलोताई त्यांच्या चालीनं चालत राहिली.